सात अंशांखालची सासुरवाडी

जळगावचा माणूस उन्हाळ्याची तक्रार करत नाही, उन्हाळा मिरवतो. ‘काल आमच्याकडे ४५ होतं’ हे तो अशा आवाजात सांगतो की पोराचे दहावीचे टक्केच सांगतोय असं वाटावं. समोरचा भुसावळचा निघाला तर तो खिशातून ४६ काढतो आणि जळगावकराचा चेहरा पडतो. धुळेकर या भानगडीत पडत नाहीत. त्यांनी हिवाळा धरलाय. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा किती घसरला याची बातमी पेपरात येते, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी सकाळी सातला मला सासुरवाडीहून फोन येतो. सासरेबुवा राम राम घालत नाहीत, ख्यालीखुशाली विचारत नाहीत. एवढंच म्हणतात, “जावईबापू, सहा.” आणि फोन ठेवतात.

मी जळगावचा आणि आमची ही धुळ्याच्या देवपुरातली, त्यामुळे आमच्या घरात दोन वेधशाळा नांदतात.

मागच्या नोव्हेंबरात गाडीचे टायर बदलायला झाले. म्हणजे झाले होते बरेच आधी, मला नोव्हेंबरात कळलं. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजत झिजत १.६ मिलिमीटरवर आली की ती या उंचवट्यांच्या बरोबरीला येते आणि टायरचं आयुष्य संपतं, कायद्यानेही. हे ज्ञान मला गाडी घेऊन सात वर्षं झाल्यावर एका पंक्चरवाल्याने बोट ठेवून दिलं. तोवर मी दर रविवारी टायरला लाथ मारून बघायचो. ही तपासणी आपल्याकडे वडिलोपार्जित आहे. लाथ मारून नेमकं काय कळतं ते वडिलांनी मला सांगितलं नाही, त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं नसावं. आजोबांकडे तर बैलगाडी होती.

त्याच आठवड्यात कॅनडातल्या माँट्रियलहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो तळघरात उभा होता आणि त्याच्या मागे चार टायर, काळ्या लोखंडी रिमांसकट, मसाल्याच्या बरण्यांसारखे एकावर एक रचलेले होते. गाडीचे चार चाकात, हे चार घरात. मला वाटलं पोराने दुकान टाकलं.

“नाही मामा, हे हिवाळ्याचे. इथे क्वेबेकमध्ये कायदाच आहे. १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लागतात, नाहीतर दंड.”

“आणि उन्हाळ्यात?”

“उन्हाळ्याचे वेगळे. ते मग तळघरात.”

इकडे स्टेपनीत हवा आहे की नाही हे आपल्याला टायर पंक्चर झाल्यावर कळतं, आणि हा पोरगा चार जोडीदार घरात सांभाळून होता. रिमसुद्धा दोन-दोन. का, तर दर वर्षी टायर रिमवरून उपटून पुन्हा बसवण्यापेक्षा अख्खं चाकच बदललेलं सोपं. शिवाय तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाने चांगल्या रिमा खराब होतात. म्हणून हिवाळ्यात लोखंडी, उन्हाळ्यात अलॉय. घरातली साडी आणि लग्नाची साडी, मी मनात म्हटलं, आणि विषय मला एकदम समजला.

“पण तुमच्याकडे बर्फ पडतो म्हणून ते ठीक आहे,” मी म्हणालो.

“मामा, बर्फाचा प्रश्नच नाही. प्रश्न थंडीचा आहे. साध्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. सात अंश ही लाइन आहे.”

स्वयंपाकघरात ही भरिताची वांगी भाजत होती. काड्यांवर नव्हे, गॅसवर. फ्लॅटमध्ये तेवढंच जमतं. ‘सात अंश’ ऐकल्याबरोबर वांग्याचा देठ हातात घेऊन ती बाहेर आली.

“किती म्हणाला तो? सात?”

“सात.”

“धुळ्याला सहा आहे.”

तिथून या प्रकरणाला आरंभ झाला.

तिचा मुद्दा सरळ होता आणि सरळ मुद्द्याला उत्तर नसतं. आपण धुळ्याला कधी जातो? हिवाळ्यात. भरिताच्या जेवणाला, संक्रांतीला, लग्नांना. उन्हाळ्यात माझे भाऊ जळगावला येतात का? नाही येत, कारण त्यांना जीव प्यारा आहे. मग या गाडीचा खरा उपयोग सात अंशांच्या खाली होतो. मग टायर कुठले पाहिजेत? माझ्या माहेराला इतकी वर्षं तुम्ही ‘तुमची थंडी म्हणजे काय थंडी’ म्हणून हसलात. आता कॅनडाच्या सरकारने आकडा दिलाय.

कॅनडाच्या सरकारने महिना दिलाय, आकडा भाच्याने दिलाय, असं मी म्हणणार होतो. वांग्याच्या देठाकडे पाहून म्हणालो नाही.

मग मी अभ्यासाला लागलो. हिवाळी टायरचा शोध फिनलंडात लागला. १९३४ साली तिथल्या एका रबराच्या कारखान्याने बर्फात चालणाऱ्या मालट्रकांसाठी तो काढला आणि दोन वर्षांनी मोटारींसाठी. हाच कारखाना १९६७ मध्ये नोकिया कंपनीत सामील झाला. होय, तीच नोकिया. ज्या नोकियाच्या टॉर्चवाल्या ११०० च्या उजेडात अख्ख्या रावेर-यावलने रात्री दोनला वीज आली की उठून केळीची मोटर चालू केली, तिच्या घराण्यात आधी रबरी बूट होते, टायर होते आणि मग फोन आले. ही माहिती मी हिला सांगितली. ती म्हणाली, “बघा, म्हणजे टिकाऊ असणार.”

जर्मनीत या टायरांसाठी ‘ओ ते ओ’ असा साधा हिशेब आहे. ऑक्टोबरात चढवायचे, ओस्टर्न म्हणजे ईस्टरला उतरवायचे. आपल्या पंचांगात बसवला तर दसऱ्याला चढवा, होळीला उतरवा. किती बेमालूम बसतो! पण खानदेशात होळीपर्यंत थांबणार कोण? इथे महाशिवरात्र झाली की थंडी शिव शिव म्हणत जाते आणि फेब्रुवारीच्या दुपारीच पंखा तीनवर येतो. आणि धुळ्याचे ते सहा अंश तरी किती वेळ असतात? पहाटे चार-पाचपासून सूर्य वर येईपर्यंत. अकरा वाजता तेच धुळेकर स्वेटर कमरेला बांधून आग्रा रोडवर फिरत असतात. म्हणजे हिवाळी टायर चढवून आम्हाला पहाटे चारला निघायचं, सातच्या आत देवपुरात पोचायचं आणि सूर्य वर आला की गाडी सावलीत लावायची. दुपारच्या उन्हात ते मऊ रबर नुसतं झिजत सुटतं. आणि वैशाखात? खापरावर मांडे करताना पीठ किती सैल लागतं ते खानदेशातल्या बाईला सांगायला नको. तसलं सैल पीठ घालून ४५ अंशांत ९० किलोमीटर जायचं म्हणजे धुळ्यात फक्त रिमा पोचतील.

हा मांड्याचा दाखला मात्र लागू पडला. ही गप्प झाली. पण हट्ट सोडला असं म्हणाली नाही. “दुकानदाराला विचारायला काय हरकत आहे?” एवढंच म्हणाली.

विचारलं. दुकानदार अमळनेरकडचा, वयाने मोठा, गल्ल्यामागे बिबड्या खात बसलेला. मी हिवाळी टायर मागितल्यावर त्याने बिबडी ताटात ठेवली, माझ्याकडे, मग हिच्याकडे, मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं.

“भाऊ,” तो म्हणाला, “आठे उन्हाळाना टायर टिकस नही, अन् तुम्हले हिवाळाना पाहिजे?”

ही म्हणाली, “धुळ्याला सहा आहे.”

“ताई, मनालीले जाणं शे का?” त्याने गंभीरपणे विचारलं. तसा प्रश्न चुकीचा नव्हता. मे महिन्यात निम्मा खानदेश मनालीला असतो, भाड्याचे केसाळ कोट घालून बर्फात फोटो काढत. पण तिकडेही बर्फात स्थानिक गाडीवाले टायरला लोखंडी साखळ्या बांधतात आणि आपण मागे बसून ‘हळू चालव रे बाबा’ म्हणतो. जळगावातून टायर नेऊन रोहतांग सर करणारा माणूस मला अजून भेटला नाही.

मग त्याने आम्हाला टायर वाचायला शिकवलं, आणि इथे मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली. सात वर्षं मी ज्याला लाथा मारल्या त्याच्या अंगावर अख्खी पत्रिका छापलेली होती. १८५/६५ आर १५ ८८ एच. १८५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या गालाची उंची, ती मात्र मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, आणि तो इंचात! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. आपल्याकडे जमीन गुंठ्यात, सोनं तोळ्यात आणि कापूस क्विंटलमध्ये असतो, तसंच. माझं मन टायरबद्दल एकदम आपुलकीने भरून आलं.

८८ हा वजनाचा आकडा. ८८ किलो नव्हे, तो कोष्टकात बघायचा, तिथे ५६० किलो निघतात. चार टायर मिळून २२४० किलो. गाडीचं वजन वजा जाता उरतं त्यात आम्ही चौघं आणि परतीच्या वाटेवर सासूबाई देतात ते पापड, शेवया, गहू आणि वांगी आरामात बसतात. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत टायर झेपेल. जळगाव-धुळे रस्त्यावर हे अक्षर वाचून मला गहिवरून आलं.

पुढे एका लांबोळ्या चौकटीत चार आकडे होते, ती जन्मतारीख. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ४८२३ म्हणजे २०२३ सालचा अठ्ठेचाळिसावा आठवडा. टायर दुकानात नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो. नवा आहे, कागद गुंडाळलेला आहे, एवढ्याने भागत नाही. मुलगी बघायला जाताना पत्रिका मागणारा माणूस टायर मात्र पाठ वळवून घेतो, असं दुकानदार म्हणाला. मग त्याने टायर फिरवला आणि बारीक अक्षरातला एक शब्द दाखवला. टेंपरेचर, आणि पुढे ए.

“हाई वाचा.”

टायर वेगात तापतो, ती उष्णता तो किती सहन करू शकतो याची ही प्रत. ए, बी, सी. ए सगळ्यात चांगली, सी म्हणजे काठावर पास. मी बघतच राहिलो. ज्या एका गोष्टीवर अख्ख्या जळगावाचा अभिमान उभा आहे, ती टायरवर एका अक्षरात लिहिलेली असते आणि आम्ही ती कधी वाचलेली नसते. आम्ही विचारतो, ‘किती किलोमीटर चालेल?’ आणि ‘जुन्यांचे किती देता?’

दुकानात त्या वेळी आणखी तिघं बसले होते. गिऱ्हाईक नव्हते, नुसते बसले होते. खानदेशात प्रत्येक टायरच्या दुकानात असे तिघं असतातच, आणि टायर हेच तिघं निवडतात. एक म्हणाला, “उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, फुगून फुटत नाही.” ही सूचना मी आयुष्यभर ऐकली आहे, पाळलीही आहे, आणि ती साफ चूक आहे. हवा कमी असली की टायरचा गाल जास्त दबतो, दर फेऱ्याला वाकतो, वाकून वाकून तापतो आणि तापूनच फुटतो. तारेचा तुकडा दहा वेळा वाकवला की मोडण्याआधी हाताला चटका बसतो, तेच. हवा भरायची ती पहाटे गाडी गार असताना, कंपनीने दाराच्या चौकटीवर लिहिलीय तेवढी, आणि दुपारी आकडा वाढलेला दिसला म्हणून सोडायची नाही. साधारण साडेपाच अंश तापमान वाढलं की एक पीएसआय दाब वाढतो. म्हणजे धुळ्याची जानेवारीतली पहाट आणि जळगावची एप्रिलमधली दुपार यांत एकाच टायरमध्ये सहा-सात पीएसआयचा फरक पडतो. हे मी हिला सांगितलं तेव्हा ती खूश झाली. एवढ्या अचूकपणे माहेर आणि सासर यांतलं अंतर तिला कुणी मोजून दिलं नव्हतं.

दुसरा म्हणाला, “नायट्रोजन भरा.” आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. उरलेल्या बावीससाठी पैसे मोजायचे. त्यात ओल नसते आणि तो जरा हळू निसटतो एवढं खरं, पण दुधात पाणी कमी करायचे पैसे गवळ्याने वेगळे मागावेत तशी ही गोष्ट मला वाटते.

तिसरा आधी काही बोलला नाही. त्याने माझ्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, “रिमा काळ्याच ठेवणार का?”

झालं. टायरचं ज्ञान तिथेच संपलं आणि दागिन्यांचं प्रकरण उभं राहिलं. जळगाव हे सोन्याचं गाव. इथल्या सराफ बाजारात खरेदीला लांबून लांबून माणसं येतात. अशा गावातल्या बाईला ‘चमकतं’ आणि ‘चमकत नाही’ अशा दोन रिमा दाखवल्या तर पुढचं सांगायला नको. धाकट्या शालकालाही फोन लागला. तो म्हणाला, “जिजाजी, अलॉयच घ्या, आणि सतराच्या घ्या. पंधराच्या रिमेवर गाडी शेंगदाण्यासारखी दिसते.”

शालकाचं गणित असं की रिम मोठी केली तर टायरचा गाल पातळ करायचा, म्हणजे चाकाची एकूण उंची तेवढीच राहते. बरोबर आहे. १८५/६५ चा गाल १२० मिलिमीटर. सतरा इंचाला २०५/४५ बसवला तर गाल उरतो ९२. शोभा वाढते ती रिमची, आणि खड्ड्याचा दणका आधी जे १२० मिलिमीटर रबर आणि हवा झेलत होते ते आता ९२ झेलणार, बाकीचा थेट रिमला. आणि आमचा रस्ता कुठला, तर तरसोद ते फागणे. या पट्ट्याचं चौपदरीकरण माझ्या मुलांबरोबर वाढलं. एवढ्या वर्षांत पाळधीपासून मुकटीपर्यंतचे वळणरस्ते मला नातेवाइकांपेक्षा जास्त ओळखीचे झाले. लोखंडी रिम, जिला दुकानदार ‘डिस्क’ म्हणतात, खड्ड्यात वाकते आणि हातोड्याने बऱ्यापैकी सरळ होते. अलॉय वाकतेही, पण मोठ्या दणक्याला तडकते, आणि तडकलेली टाकूनच द्यायची.

दुकानात तिला ‘मॅगव्हील’ म्हणतात. एकेकाळी अशा रिमा मॅग्नेशियमच्या असत, आता अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असतात, नाव तेच राहिलं. मी हिला म्हणालो, “अगं, अलॉय म्हणजे भेसळ. शुद्ध नाही काही.” ती म्हणाली, “शुद्ध सोन्याचाही दागिना होत नाही.” सराफ बाजारात लहानाची मोठी झालेली नसूनही तिला हे वेळेवर सुचलं. मी पंधरा इंचावर अडून बसलो आणि ती अलॉयवर. तह असा झाला: साइज माझी, चमक तिची, टायर ए प्रतीचे, आणि स्टेपनी जुनी काळी लोखंडीच. हिवाळ्याचं काय, या प्रश्नावर दुकानदाराने टायरवर हात थोपटत सांगितलं, “ताई, धुयानी थंडीले हाऊच पुरस.” धुळ्याच्या थंडीचा असा उपमर्द दुसऱ्या कुणी केला असता तर तो वाचला नसता. पण त्याने बिल करताना हजाराची नोट कमी केली होती. नोट २०१६ मध्येच बंद झाली असली तरी सूट अजून त्याच नोटेत देतात.

जानेवारीत भरिताचं बोलावणं आलं. पहाटे साडेपाचला निघालो. नव्या रिमा अंधारातही चमकत होत्या असं हिचं म्हणणं. बांभोरीच्या पुलावर गिरणेचं धुकं होतं, एरंडोलला चहा घेतला, आणि पारोळा सोडल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली. बाभळीचा काटा. साधा, दोन इंची, गावठी काटा, ए प्रतीच्या टायरला जाऊन बसला होता. उष्णतेची प्रत असते, वेगाची असते, वजनाची असते, काट्याची नसते. हात गारठून बोटं वळेनात, तरी स्टेपनी चढवली. मग आमची गाडी तीन चाकं चंदेरी आणि एक काळं अशी, पायात एक सँडल आणि एक स्लिपर घातलेल्या माणसासारखी धुळ्यात शिरली. निदान त्या एका चाकापुरते आम्ही माँट्रियलचे नागरिक होतो, असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

देवपुरात सासरेबुवा ओट्यावर उन्हात बसले होते. मफलर, कानटोपी, शाल, मांडीवर पेपर. त्यांनी चाकांकडे पाहिलंच नाही. शालकाने पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मी पाया पडलो. एरवी ते आशीर्वादाच्या आधी आकडा सांगतात. आज गप्प. हिने विचारलं, “अण्णा, आज किती?”

त्यांनी पेपर पुढे केला. त्या दिवशीच्या तक्त्यात जळगावचा किमान पारा धुळ्यापेक्षा एका अंशाने खाली होता.

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि न बोलता परत गेल्या. शालकाने चाकांवरची नजर काढून पेपरात घातली. मी काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. वेधशाळेची जागा, वाऱ्याची दिशा, गिरणेकाठची ओल. पण खरं सांगतो, आतून मला असं काही गुदगुल्या करणारं वाटत होतं की तोंड उघडण्याची सोय नव्हती. सासरेबुवांनी कानटोपी काढली, घडी केली, मांडीवर ठेवली आणि बऱ्याच वेळाने माझ्याकडे पाहिलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “तुम्हले उन्हाळा पुरस नही का?”